दाजींचा उभा एक्स

दहावीत असताना एक्स-अक्ष उभा असतो, असं मी बरेच दिवस मानत होते. वाय आडवा. आणि एक्सवर चार म्हटलं की दोनच घरं सरकायचं. हे मला कुणी चेष्टेत सांगितलं नव्हतं. माझ्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, शेजारी बसवून, पेन्सिलीला टोक काढून देऊन, मनापासून शिकवलं होतं. आज मी पदवीधर आहे. आमच्या घरातली पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कुणापुढं लपवत नाही. पण त्या पदवीची वाट या उभ्या एक्सवरून गेली, आणि खरं सांगायचं तर तो आठवला की राग येत नाही, बरंच वाटतं.

आमचं गाव लातूरकडचं. आठवीपर्यंत मी तिथंच शिकले. गणिताला कधी सर असायचे, कधी नसायचे. नसले की चित्रकलेचे सर येऊन पाढे म्हणून घ्यायचे. पाढे मला आजही तोंडपाठ आहेत, पण पाढ्यांच्या पलीकडं गणित असतं याचा पत्ता मला नववीत लागला, पिंपळे गुरवला अक्काच्या घरी आल्यावर. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिनंच हट्ट धरला होता की हिला शिकायला माझ्याकडं ठेवा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी ठेवलं, पण एक अट घातली. ती त्यांनी मला नाही, दाजींना घातली, माझ्यासमोर.

"पाव्हणं, पोरगी तुमच्या भरवशावर सोडायलोय. दहावी निघाली तर पुढचं तिकडंच शिकू द्या. न्हाई निघाली तर गाडीत बसवून द्या. इथं काय हाताला काम कमी न्हाई."

"निघंल की," दाजी म्हणाले. "माझी जबाबदारी."

जबाबदारी त्यांनी घेतली आणि गणित मला येत नव्हतं. नववी कशीबशी ढकलली. दहावीच्या पुस्तकात पहिलाच धडा दोन चलांतल्या समीकरणांचा, आणि त्यात ग्राफ. महापालिकेच्या शाळेत आमचा वर्ग मोठा. बऱ्याच पोरी क्लासला जायच्या, त्यांचे हात भराभर चालायचे. मी ग्राफ पेपरवर अधिकचं चिन्ह काढावं तसे दोन अक्ष काढायचे आणि थांबायचे. पुढं काय करतात ते कळायचंच नाही. एक्सला शून्य धरा, म्हणायचे. का शून्य धरा? आपणच धरायचं तर मग उत्तर कुणी सांगायचं? हे विचारायला तोंड उघडत नव्हतं, कारण माझ्या बोलण्यावर पोरी हसायच्या. 'करायलीस', 'जायलीस' म्हटलं की झालं.

मोबाइलवर शिकवणारे व्हिडिओ असतात हे मला माहीत होतं. पण घरात धड मोबाइल एकच, आणि तो दाजींबरोबर चाकणला शिफ्टला जायचा.

पहिल्या घटक चाचणीत मी ग्राफचा प्रश्न कोरा सोडला. पेपरवर पालकाची सही लागायची. दाजींनी सही करायच्या आधी पेपर उलटसुलट पाहिला. त्या दिवशी गुरुवार होता. आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते, म्हणून दाजी निवांत होते.

"हे काय सोडलंयस?"

"ग्राफ हाय. येत न्हाई."

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, पान पाहिलं आणि एकदम हसले. "अगं, हेच तर मी रोज करतो! एक्स, बिंदू, इथून तिथं सरक. सगळी शिफ्ट त्यातच जाते माझी. आधी का नाही बोललीस?"

दाजी टर्निंगच्या सीएनसी मशीनवर ऑपरेटर. लोखंडाचा गोल तुकडा, त्याला ते जॉब म्हणतात, मशीनच्या जबड्यात गरगर फिरतो आणि कापणारं टूल बाजूनं येऊन त्याला तासतं. टूलनं कुठं जायचं ते आकड्यांत सांगितलेलं असतं. ते आकडे एक्सचे आणि झेडचे. एवढं मला त्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं आणि मला वाटलं, देवच पावला. घरातच गणित होतं आणि मी शाळेत शोधत होते.

"हां, तर एक्स उभा," दाजी म्हणाले आणि उभ्या रेषेवर एक्स लिहिला.

"पुस्तकात आडवा हाय वाटतं, दाजी."

"बघू. आडवा तो झेड असतो. तुमच्यात झेडला वाय म्हणत असतील. पुस्तकवाले काय, छापताना पान फिरवतात."

मला पटलं. मला तेव्हा कुणीही काहीही पटवलं असतं. पुढं ते म्हणाले, "आणि एक ध्यानात ठेव, एक्सला जेवढं सांगतो त्याच्या निम्मंच सरकतं. दहा टाकलं की पाच. हे नवीन पोरांना कळत नाही, मग जॉब वाया घालवतात." हे त्यांनी मशीनबद्दल सांगितलं होतं. मी ते ग्राफबद्दल ऐकलं. त्यांनी कागदावर मला निम्म्यावर टिंब देताना पाहिलं आणि "बरोब्बर!" म्हणाले, कारण त्यांचाही हात तसाच बसलेला होता.

पण त्यांनी एक गोष्ट अशी सांगितली की माझं डोकंच उघडलं. मी विचारलं, एक्सला आपल्या मनानं किंमत का धरायची? ते म्हणाले, "समीकरण म्हणजे नियम. नियम म्हणतो, दोघांची बेरीज सहा पाहिजे. आता एकाला तू दोन दे, दुसऱ्याला चार मिळणारच. एकाला पाच दे, दुसऱ्याला एक. तू पहिला आकडा मनानं देतेस, दुसरा नियम देतो. नियम पाळणारे सगळे बिंदू एका रांगेत उभे राहतात. तीन काढ. तिसरा रांगेबाहेर गेला तर समज, कुठंतरी चुकलीस."

मी तीन बिंदू काढले. पट्टी लावली. तिघांवरून रेषा सरळ गेली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून गणितात काहीतरी सरळ आलं होतं. मी ती रेषा अक्काला नेऊन दाखवली. अक्का कणीक मळत होती. ती म्हणाली, "छान हाय. पण ही रेष कशाची हाय?" मला सांगता आलं नाही, पण आनंद कमी झाला नाही.

पुढच्या चाचणीत मी ग्राफचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवला. पट्टी, टोकदार पेन्सिल, खाडाखोड नाही. दोन रेषा एकमेकींना छेदल्या, मी छेदनबिंदू वाचला आणि खाली चौकट करून उत्तर लिहिलं. पेपर मिळाला तेव्हा त्या प्रश्नावर लाल शून्य होतं.

गणिताच्या मॅडम कडक होत्या. कुणाची तारीफ करायच्या नाहीत, कुणाला मारायच्याही नाहीत. त्यांनी माझा ग्राफ वर्गाला दाखवण्यासाठी नव्हे, स्वतःलाच नीट पाहायचा म्हणून उजेडाकडं धरला. शेजारच्या बाकावरून एक पोरगी ओरडली, "मॅडम, हिचा ग्राफ उठून बसलाय!" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"इकडं ये. हे समीकरण वाच."

"एक्स अधिक वाय बरोबर सहा."

"दुसरं?"

"एक्स वजा वाय बरोबर दोन."

"तुझं उत्तर?"

"एक्स दोन, वाय दोन."

"दोन आणि दोन किती?"

"चार."

"आणि पाहिजेत किती?"

इतकं सोपं कुणी विचारून पाहिलंच नव्हतं; मी पण नाही. मॅडमनी माझी वही मागवून मागची पानं उलटली. वहीत मी सोडवलेले सगळे ग्राफ त्यांनी एकेक करून पाहिले, आणि म्हणाल्या, "तू सगळीकडं चुकलीस. पण सगळीकडं एकसारखी चुकलीस. दर वेळी एक्स निम्मा. हे आपोआप होत नाही. कुणी शिकवलं?"

"दाजींनी."

पुन्हा हसू. 'दाजी' या शब्दालाच हसले असावेत.

"दाजी काय करतात?"

"सीएनसी चालवतात."

"येत्या गुरुवारी घेऊन ये त्यांना," मॅडम म्हणाल्या. कुठल्या दिवशी कुणाच्या घरात माणूस असतो, हे आमच्या भागातल्या शिक्षकांना बरोबर ठाऊक असतं.

घरी सांगितलं तेव्हा दाजींचा चेहरा पडला नाही, उलट ताठ झाला. "चूक? माझ्या मशीनवर रोज पीस पास होतात." पण गुरुवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस ओले करून विंचरले, आणि शाळेच्या गेटात आल्यावर मला हळूच विचारलं, "कडक हायत का गं?"

स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची दिली तरी ते टोकावर बसले.

"तुम्ही हिला एक्स उभा शिकवलात?"

"उभाच असतो, मॅडम."

मॅडमनी पुस्तक उघडून समोर ठेवलं. दाजींनी पानावरच्या अक्षांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमच्या मशीनवर उभा असतो."

"असेल. मला त्यातलं कळत नाही. पण बोर्डाचा पेपर तपासणारे तुमचं मशीन चालवत नाहीत ना. आणि हे निम्मं काय आहे?"

दाजींनी सांगायचा प्रयत्न केला. व्यास, त्रिज्या, सेटिंग, मध्येच इंग्रजी, मध्येच हिंदी. सगळा गुंता झाला. शेवटी ते म्हणाले, "ते मशीनला तसंच भरलेलं असतं, मॅडम. का, ते मी कधी विचारलं नाही."

मॅडमनी त्यांना पडताळा दाखवला. आलेलं उत्तर दोन्ही समीकरणांत ठेवून पाहायचं. दोन्हीकडं जुळलं तरच लिहायचं. दोन अधिक दोन चार. सहा आले नाहीत. दाजी पुढं वाकले आणि म्हणाले, "म्हणजे पीस रिजेक्ट."

"हो," मॅडम म्हणाल्या. "रिजेक्ट." आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. निघताना त्या मला म्हणाल्या, "एकसारखं चुकणाऱ्याला शिकवता येतं. जो रोज वेगळं चुकतो त्याचं काय करावं ते मला कळत नाही. मधल्या सुट्टीत येत जा."

 घरी आल्यावर दाजी अक्काला म्हणाले, "आजपासून मी हिला शिकवणार नाही. उगं माझ्यापायी पोरीचं वर्ष जायचं."  मॅडम मधल्या सुट्टीत शिकवतील, पण बाकीच्या वेळी? आणि दाजींनी अण्णांना दिलेला शब्द?

अक्का दुधी सोलत होती. दाजी तिच्यासमोर बसले. मग एकाएकी त्यांनी तिच्या हातातून दुधी आणि सोलाणं घेतलं. सोलाणं एका जागी धरलं आणि दुधी फिरवला. साल गोल निघाली.

"हे बघ," ते मला म्हणाले. "सोलाणं माझं एकाच बाजूला हाय. मी आत किती गेलो? समज, एक रेघभर. पण दुधी फिरला, म्हणजे त्या बाजूनंही एक रेघभर गेलं. जाडी किती कमी झाली?"

"दोन रेघा."

"म्हणून! मशीनला जाडी दोननं कमी कर म्हटलं की टूल एकच सरकतं. म्हणून निम्मं!" त्यांनी दुधी पुन्हा फिरवला, पुन्हा पाहिला. मग सोलाणं खाली ठेवून माझ्या ग्राफ पेपरकडं बोट केलं. "आमचा जॉब फिरतो. कागद कुठं फिरतोय?"

मला सगळं एका दमात कळलं. कागद फिरत नाही. कागदावर चार म्हणजे चार घरं.

"झालं असंल तर द्या," अक्का म्हणाली. "भाजी हाय ती. तुमचा जॉब न्हाई."

त्यानंतर आमच्या घरात एक पद्धत पडली. शिकवायचं मॅडमनी, सोडवायचं मी, आणि दाजी क्वालिटीवाले. त्यांच्या कारखान्यात शिफ्ट सुरू झाली की पहिला पीस काढून मोजायला देतात. तो पास झाल्याशिवाय पुढचा माल काढायचा नाही. तसंच माझं. पहिलं उदाहरण सोडवलं की कागद त्यांच्याकडं. ते ग्राफकडं बघायचेही नाहीत. फक्त माझं उत्तर घेऊन समीकरणात ठेवायचे, ओठ हलवत हिशेब करायचे, आणि "ओके" किंवा "रिजेक्ट" म्हणायचे. रिजेक्ट झालं तर का, ते सांगायचं नाही, शोधायचं मी. शिफ्टहून दमून आले तरी बूट काढता काढता हात पुढं करायचे, "आण, पहिला पीस आण." अक्का म्हणायची, "घरात कंपनीच काढलीय दोघांनी. मला बी एक पगार चालू करा."

हात लगेच सुधारला नाही. एक्स आडवा काढायला शिकले, पण बिंदू देताना बोट निम्म्यावर थांबायचं. मॅडम मधल्या सुट्टीत माझ्यासमोर डबा खात बसायच्या आणि माझं बोट थांबलं की चमच्यानं डब्यावर टक् करायच्या. तेवढंच. पोरी खिडकीतून बघायच्या. एके दिवशी ती 'उठून बसलाय' म्हणणारी आत आली आणि माझ्या शेजारी बसली. तिलाही चिन्हं बदलताना गोंधळ व्हायचा. मॅडमनी तिलाही टक् केलं.

हळूहळू मला अक्काच्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं, ही रेष कशाची. ती नियम पाळणाऱ्या सगळ्या जोड्यांची. आणि दुसरी रेष दुसरा नियम पाळणाऱ्यांची. दोघी जिथं भेटतात तिथली जोडी दोन्ही नियम पाळते, म्हणून ते उत्तर. आता हे लिहिताना साधं वाटतं. तेव्हा मी ते अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आधीच का न्हाई सांगितलं?" तिचं बरोबर होतं.

बोर्डाच्या परीक्षेत ग्राफ आला. एक नियम, दोन एक्स वजा वाय बरोबर चार. दुसरा, एक्स अधिक वाय बरोबर वजा एक. मी तीन-तीन बिंदू काढले, दोन्ही रेषा सरळ आल्या, कागदाच्या पार खाली जाऊन भेटल्या. एक्स पाच, वाय वजा सहा. रेषा इतक्या देखण्या आल्या होत्या की चौकट करून टाकावी असं वाटलं. घंटा व्हायला फार वेळ उरला नव्हता. पण हात कागद कुणाला तरी द्यायला पुढं झाल्यासारखा झाला, आणि द्यायला तिथं कुणी नव्हतं. मग मीच ओठ हलवले. पाच आणि वजा सहाची बेरीज वजा एक. ओके. दोन पाचे दहा, त्यातून वजा सहा वजा, म्हणजे सोळा. पाहिजेत चार.

रिजेक्ट.

डोळ्यांपुढं एकदम गाडीचं दार आलं, गावाकडं जाणाऱ्या. मग ते बाजूला सारलं आणि वरून एकेक ओळ बघत आले. वायला एकटं काढताना चिन्ह उलटं केलं होतं. चूक नियम लिहिला होता, आणि चूक नियमाचेही बिंदू सरळ रांगेतच उभे राहतात. हे मला तिथं, त्या बाकावर कळलं. खोडलं तर कागद मळला, म्हणून दुसरा ग्राफ पेपर मागून घेतला. नवी रेषा काढली. एक्स एक, वाय वजा दोन. दोन्हीकडं ठेवून पाहिलं. जुळलं. चौकट केली तेव्हा घंटा झाली.

निकाल लागला त्या दिवशी दाजी पहिल्या शिफ्टला होते. आत मोबाइल नेऊ देत नाहीत. शेजारच्या वहिनींच्या मोबाइलवर मी आणि अक्कानं निकाल पाहिला. गणित निघालं होतं. थोडक्यात, पण निघालं होतं. अक्कानं आधी रडून घेतलं, मग शेजारी पेढे वाटले, मग अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. मला कळेना की हे 'बरं' कुठल्या बाजूचं.

मॅडमना सांगायला शाळेत गेले. त्यांनी गणिताचे मार्क विचारले आणि म्हणाल्या, "चाचणीत ग्राफला शून्य, आणि आता पास? बघ, आवडायला लागलंय तुला." पुढं मी कॉमर्स घेतलं, पदवी केली, आज एका कारखान्याच्या ऑफिसात बसते आणि महिन्याच्या उत्पादनाचे ग्राफ काढते. संगणक काढतो, मी तपासते. त्या बाईंनी वर्षभर आपली मधली सुट्टी माझ्यावर घालवली आणि एकदाही तसं बोलून दाखवलं नाही. दाजींनी चुकीचं शिकवलं, तर चूक मान्य करून तपासणीस झाले. मला दोघंही लाभले. सगळ्यांना लाभत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

निकालानंतर काही दिवसांनी अण्णा न सांगता आले. पहाटे नाशिक फाट्याला ट्रॅव्हल्समधून उतरले आणि तिथून दाजींना फोन केला, गाडी घेऊन या, सामान हाय. मला वाटलं, न्यायला आले.  दाजी मोटारसायकल घेऊन गेले आणि दोन फेऱ्या करून परत आले. पहिल्या फेरीला मागं ज्वारीचं एक पोतं होतं. दुसऱ्या फेरीला अण्णा, आणि त्यांच्या मांडीवर दुसरं.

"एवढी कशाला?" अक्का म्हणाली. "आम्ही दोघं, आणि ही."

अण्णा पोत्याला टेकून बसले, पाणी प्यायले. "बारावीपर्यंत पुरली पाहिजे की."

"दोन वर्षं? किडं होत्याल त्याला, अण्णा."

"मग पुढल्या वर्षी नवी आणतो," अण्णा म्हणाले आणि दाजींकडं वळले. "काय पाव्हणं, पोतं कुठं ठेवायचं?"